एक ठिपका कमी

घरून निघताना मी सुतळी मोजून घेतली,
सोफ्याच्या पाठीपासून भिंतीपर्यंत.
मध्ये दोन गाठी मारल्या,
एक तिच्या डोक्यापाशी, एक माझ्या,
कारण मी पुढे वाकून बसतो.

देगूच्या दुकानात, तिसऱ्या मजल्यावर,
चाळीस टीव्ही एकदम मध ओतत होते.
चाळीस चमचे, एकच धार.
मग चाळीस पोपट उडाले.
विकणारा पोरगा, छातीवर नाव पेक हान-सोल,
म्हणाला, आजोबा, एट-के घ्या,
पिसाचा केस न् केस मोजाल.
मी खिशातून सुतळी काढली.
कुम-हीनं एक टोक त्याच्या हातात दिलं,
दुसरं धरून मागे सरत गेली गाठीपर्यंत.
"इथून," ती म्हणाली, "साठीच्या डोळ्यांना
तुझा एट-के आणि हा फोर-के जुळे भाऊ.
त्यांच्या आईलाच ओळखू येतील."
पोरगा हसला. मग थांबला.
त्याला कळेना ही बाई कोण.

मी बादुक बघतो. संध्याकाळी सहापासून झोप लागेपर्यंत.
एकोणीस रेघा आडव्या, एकोणीस उभ्या,
पांढऱ्या सोंगट्या, काळ्या सोंगट्या,
आणि मला काळं काळंच हवं.
जुन्या टीव्हीत काळी सोंगटी
धुऊन धुऊन विटलेल्या मोज्यासारखी दिसते.
म्हणून ओएलईडीपुढे उभा राहिलो तो हललोच नाही.
विहिरीत डोकावल्यासारखं झालं.
"हा," मी म्हणालो.
"हा नको.
इथे मागे दिवा नाही, ठिपका न् ठिपका स्वतःच जळतो.
तू रोज तोच पट लावणार,
तीन वर्षांत रेघा पडद्यात मुरतील.
मग बातम्या सांगणारीच्या गालावर
एकोणीस गुणिले एकोणीस."

बावीस वर्षं ती गुमीच्या कारखान्यात
अंधाऱ्या खोलीत बसली. पांढरा झगा, डोळे तेवढे उघडे.
समोरून पडदे सरकायचे.
पूर्ण लाल. पूर्ण हिरवा. पूर्ण निळा. राखाडी. काळा.
एका पडद्याला अकरा सेकंद.
मेलेला ठिपका सापडला
की उजव्या पायाखालचं पेडल दाबायचं.
चित्र असं तिनं त्यांच्यावर एकही पाहिलं नाही.
ना मध, ना पोपट.
मी कारखान्याची बस चालवायचो.
पहाटे ती माझ्या मागच्याच सीटवर,
आणि आरशात मला दिसायचं,
डोळे मिटलेत, पापण्यांखाली अजून तपासणी चाललीय.

शेवटी एका पंचावन्न इंचीपुढे ती थांबली.
याच्या मागे दिव्यांचे वाफे,
हवा तो वाफा मालवता येतो.
"पांढऱ्या सोंगटीभोवती जरा धुकं येईल तुझ्या. सोस."
मग नाक काचेला लागेल इतकी जवळ गेली,
मध तिच्या कपाळावरून ओघळत असताना,
आणि तिचा उजवा पाय
दुकानाच्या फरशीवर एकदा दाबला गेला.
"हिरवा," ती म्हणाली. "मेलाय."

पोरानं रुमालानं पुसून पाहिलं.
मॅनेजर आले, चष्मा लावला, काढला,
म्हणाले, पेटीबंद नवा देतो, माफ करा.
"नको. हाच. किती कमी कराल?"
घासाघीस झाली. बारा टक्के,
आणि भिंतीवर टांगायची चौकट फुकट.

लिफ्टमध्ये मी विचारलं, का गं?
ती बटणांकडे बघत होती.
"इतके परत पाठवले," म्हणाली. "एक ठेवून बघू."

आता सहाला पट लागतो. धुकं येतं. सोसतो.
ठिपका कुठे आहे ते ती सांगत नाही.
कधी डाव ऐन रंगात असताना
मला वाटतं, सापडला,
कोपऱ्यातल्या त्या एकट्या काळ्या सोंगटीत,
मी गाठ ओलांडून पुढे वाकतो
आणि मागून ती म्हणते,
"तिथे नाही."