वय भागिले चार, अधिक चार

एकोणीस वर्षं मी कवळ्या केल्या,
ओउलुतल्या म्हाताऱ्यांच्या.
त्यातले बरेच जण आता
माझ्या दातांसकट जमिनीखाली आहेत.

हल्ली श्वासनळ्या करतो.
म्हणजे छापतो. मुलांच्या रुग्णालयाच्या तळघरात,
धुलाईखान्याला लागून,
जिथे मशीन रात्रभर केसाएवढ्या थरावर
केसाएवढा थर चढवत बसतं
आणि भिंतीपलीकडे चादरी गरगरत असतात.
वरून स्कॅन येतो, पावाचे राखाडी काप असावेत तसा.
मी ते एकावर एक रचतो, मधली पोकळी शोधतो.
खरं तर मी काही घडवत नाही.
जिथे काहीच नाही
त्याच्याभोवती भिंत घालतो.

डॉक्टर हापालाइनेन जिन्यानं खाली येतात,
खिशात नळ्या: साडेतीन, चार, साडेचार, पाच.
'पुस्तकातलं गणित सोपं आहे,' त्या एकदा म्हणाल्या,
'वय भागिले चार, अधिक चार.
बहुतेक मुलं त्या गणिताचं ऐकतात.'
आणि गप्प झाल्या.
'बहुतेक' या शब्दाशी त्यांचं काहीतरी जुनं आहे.
मागच्या हिवाळ्यात त्यांनी माझ्याकडून
सहा वर्षांपूर्वीच्या एका स्कॅनची नळी छापून घेतली.
वर कुणी पेशंट नव्हता त्या नावाचा.
मी विचारलं नाही.
ती खणात आहे, सगळ्यात मागे.

आज इल्मारी.
वय चार. हृदयाला भोक,
जन्मापासून एक गुणसूत्र जास्तीचं,
आणि पणजोबांचं नाव.
आमच्या भाषेत इल्मा म्हणजे हवा.
गणित म्हणतं: पाच.

धुतलेली, अजून कोमट अशी नळी
मी त्यांच्या तळहातावर ठेवली.
पाच तोंडाशीच अडली.
साडेचार गेली, पण घट्ट बुटात पाऊल जातं तशी;
मऊ भिंत ताणून पांढरी पडली.
'हे बघ. इथे रक्त थांबणार. मग सूज.
मग नळी काढली की मूल
पिल्लासारखं भुंकत खोकतं,
आणि आई विचारते, हा आवाज कुणाचा?'
चार उतरली.
'फुंक,' त्या म्हणाल्या आणि कान जवळ आणला.
मी फुंकलं.
कडेनं थोडी हवा निसटली,
दाराच्या फटीतून येते तेवढी.
'एवढी हवी. एवढी गळती हवीच.
अगदी चपखल बसतं तेच दुखावतं.'

कवळीचं उलटं असतं, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला
भिंतीवरचा फोन वाजला.
'चार. पहिल्याच खेपेला.'
खट्कन ठेवला.
मी बराच वेळ चादरी ऐकत बसलो.
वर जे चाललं होतं
त्यातलं मला काहीच दिसणार नव्हतं.

बाराव्या दिवशी तो खाली आला,
आईचा हात धरून, लोकरी मोज्यांवर घसरत.
साइमी नाव तिचं. ती काही बोलायला आली होती,
पण शब्द जुळेनात,
म्हणून भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिली.
मी त्याची नळी त्याच्या हातात दिली.
ही तुझी.
वर्षभरात ती त्याला लहान होईल.
खणातल्या सगळ्याच झाल्यात लहान,
एक सोडून.

त्याला वाटलं शिट्टी आहे.
गाल फुगवले, फुंकलं.
आधी आतल्या नळीतून, मग हातातल्या,
एकच फुंकर.
आवाज नाही. नुसती हवा.
पुन्हा फुंकलं, डोळे मिटून, सगळं बळ लावून.
मग थुंकीनं ओली झालेली ती नळी
माझ्या हातात कोंबत म्हणाला:
'मोडकी.'

आई ओशाळली.
मी ती शर्टाला पुसली,
दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला.
आरपार.