टिंब

खार स्टेशनबाहेर, चावीवाल्याच्या शेजारी
इरफान विनाइलची अक्षरं कापतो.
नव्या टॉवरला एकसारख्या पाट्या, असा सोसायटीचा ठराव.
सेक्रेटरींच्या यादीत माझ्या नावाआधी
कु.

'मॅडम, टायपिंग मिस्टेक आहे का?'
माझ्या केसांकडे न बघायचा प्रयत्न करत तो विचारतो.

नाही रे. शाळेच्या मस्टरवर चौतीस वर्षं हेच होतं.
गेल्या मे महिन्यात भाच्याच्या पत्रिकेत
सगळ्या सौ. संपल्यावर, खाली, किलबिल मंडळींत
चि. अर्णव आणि कु. स्वराच्या मधोमध
कु. सुनीती तळपदे.
(अर्णव पहिलीत आहे.)

मराठीच्या बाई सांगायच्या, कु हा उपसर्ग:
कुकर्म, कुपथ्य, कुग्राम.
मी फ्रेंच शिकवायचे.
मस्य्यूचा नुसता एम घ्या, पुढे टिंब द्या,
कारण तिथे शब्द मोडलाय.
मादम्वाझेलचे एम, एल, एल, ई. टिंब नाही.
शेवटचं अक्षर हजर असेल तर पूर्णविराम लागत नाही.
'म्हणजे टीचर, पोट कापलं तरी चालतं,
शेपूट पाहिजे,' मागल्या बाकावरची रेवती म्हणाली.
तिला मी दहापैकी दहा दिले.

नांतहून सोलांजची पत्रं यायची, पाकिटावर तीच चार अक्षरं.
पोस्टमन झगडे एकदा दारात उभे:
'हे मल्ले कोण? मिस्टर का?'
'छे हो, तसलं काही नाही,' आई म्हणाली,
इतक्या घाईने, की मला हसू आलं
आणि मग आलं नाही.

बाबा गेले तेव्हा तिच्या कपाळावरचं एक टिंब गेलं,
पत्रिकांवर नावाआधी दोन आली. गं. भा.

सोलांजचं शेवटचं पत्र: आमच्या सरकारी फॉर्मवरून
तो शब्द काढला. मी आता मादाम,
साठाव्या वर्षी, न मागता बढती.
जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, हसू नकोस.

'मग श्रीमती लावू? जास्त पैसे नाही घेणार.'
नको. नुसतं नाव ठेव.

इरफान नखाने कु उचलतो.
टिंब उडतं आणि माझ्या बोटाला चिकटतं,
रिक्षात झटकून बघते, निघत नाही.

घरी जुन्या कपाटाच्या आरशावर,
वरच्या डाव्या कोपऱ्यात,
आई टिकल्या लावून ठेवायची तिथे,
लावलं. काळं आहे. बसलं.