किती ठेवायचे

मंगळबाजारातला रसिकलाल विचारतो,
"बेन, एवढा सरको? कशाचं लोणचं घालता?"
बारा बाटल्या व्हिनेगर.
मी म्हणते, समुद्राचं.
तो हसतो, आणि बिलातले दोन रुपये सोडतो.

वडोद्यात समुद्र नाही.
आहे तो आमच्या विभागाच्या जिन्याखाली,
तीन टाक्यांत, तोलून कालवलेल्या मिठाचा.
घाडगे रोज सकाळी त्यात बोट बुडवून चाटतो,
मग मीटर लावतो
आणि वहीत दोन्ही लिहितो:
जीभ – ठीक. मीटर – पस्तीस.
मी त्याला कधी अडवलं नाही.

पहिल्या टाकीत पिल्लं आहेत, नखाएवढी.
त्यांच्या जातीचे थोरले तिकडे बेटांवर
पोट तोंडाबाहेर काढून प्रवाळावर अंथरतात,
उठतात तेव्हा मागे
परातीएवढा पांढरा डाग.
पिल्लं मात्र शेवाळावर.
प्रवाळ मिळत नाही तोवर शेवाळ,
ना वाढ, ना मरण.
प्रकल्प तीन वर्षांचा होता, मुदतवाढ धरून सहा.
तेवढ्यात माझी मुलगी चौथीतून दहावीत गेली.
ही आहेत तिथेच आहेत.

मुत्तुकोया रात्री फोटो पाठवतो,
बेटावर रेंज येईल तेव्हा.
मी मोजते. कपारीत एक, सावलीत दोन,
एक नुसताच काट्यांचा संशय.
त्याचा काका कोयत्याने तुकडे करून
पुन्हा पाण्यातच फेकायचा,
आणि वर्षभराने म्हणायचा, वाढले कसे?
आता सुई. वीस मिली. दोन दिवसांत विरघळतो.

मी एकदाच गेले, एकदाच टोचलं.
तो दचकला नाही.
अठरा हात होते, एकेक करून सैल पडले,
प्रत्येकाच्या टोकाला एक डोळा,
उजेड-अंधार कळण्यापुरता.
बोटीत आल्यावर मला कडकडून भूक लागली.
वाईट वाटलं ते त्याचंच.

अहवालात कुणीतरी "निर्मूलन" लिहिलं होतं.
मी खोडून "व्यवस्थापन" केलं.
वरून शेरा आला: फरक स्पष्ट करा.

परवा काळाघोडा पुलावर स्कूटर बंद पडली.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर,
जबडा उघडा टाकून उन्हात.
शेंगवाला म्हणाला, "आपलीच आहे. पुरात सोसायटीत येते,
माणसं येतात, परत सोडतात."
किती आहेत? "गेल्या मोजणीला होत्या तेवढ्या असतील."
आणि त्याने मला शेंगा जरा जास्त दिल्या.

फरक हाच, पण शेऱ्याच्या रकान्यात तो मावेना.
हेक्टरी किती असले तर प्रवाळ
खाल्लं जातं त्याहून जास्त वाढेल?
माझ्या गणितात शून्य कधीच येत नाही.
येतो तो एक लहानसा आकडा,
दशांशानंतर थरथरणारा.
मी तो चार वेळा तपासला.

सोमवारी परवानगी आली.
पहिल्या टाकीत आम्ही प्रवाळाचा
बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेवला
आणि दिवा मालवून घरी गेलो.

आज घाडगेची वही:
जीभ – ठीक. मीटर – पस्तीस.
खाली, शाई बदलून:
एक पांढरा डाग. मोहरीएवढा.
मॅडम, मोजायचा का?