खालची चार बोटं

बुरुलचा कॅनव्हास आणते तो चादरीत गुंडाळून,
दुधाचं भांडं आणावं तसा, आडवा, जपून.
बिश्केकमध्ये माझं चौकटींचं दुकान:
खाली चाव्या करणारा, वर मी आणि भुसा.
एकवीस वर्षं तिचा डोंगर लाकडात बसवतोय.

डोंगर एकच. नारीनच्या वरच्या अंगाचा.
नाव विचारलं तर म्हणते,
आम्ही त्याला नुसतं 'पलीकडचा' म्हणायचो.
कधी जांभळा, कधी राखेचा,
एकदा तर कच्च्या काळजाच्या रंगाचा,
तो एका दातांच्या डॉक्टरनं घेतला.

आणि दर चित्राच्या तळाशी, मधोमध,
दोन काळपट टोकं.
आधी वाटलं झाडं. मग वाटलं, ब्रश पुसलाय.
चौकट कडेचं थोडं खातेच, धंद्याची रीत.
मी बिनदिक्कत टोकं पट्टीखाली घातली.
तिनं माझ्याकडून पक्कड मागून घेतली
आणि एकेक खिळा उपसला.

"कान आहेत ते.

चार वर्षांची होते. बाप पुढ्यात बसवायचा,
खोगिराच्या उंचवट्याला माझ्या दोन्ही मुठी.
उन्हाळी कुरणाकडे चढताना
मला डोंगर दिसायचा तो एवढाच,
तोरूच्या दोन कानांत मावेल तेवढा.
कान हलले की डोंगर हलायचा.
लांडग्याचा वास आला की कान मागे पडायचे
आणि डोंगर एकदम अंगावर यायचा."

खिळे मोजून तिनं माझ्या तळहातावर ठेवले.

"बाप गेला, तेव्हा रीतीप्रमाणे घोडा कापला.
सगळं गाव जेवलं. मीही.
चव चांगली होती, खोटं कशाला बोलू.

कानांशिवाय काढून पाहिलाय मी.
पोस्टाच्या तिकिटावरचा वाटतो,
कुणाचाही."

तेव्हापासून तिच्या चौकटीला
खालून चार बोटं जास्त सोडतो.
गिऱ्हाईक म्हणतं, माप चुकलंय.
मी म्हणतो, हो.

काल नवं चित्र आलं.
चादर सोडली. तळाला टोकं दिसेनात,
वाकून पाहिलं तेव्हा सापडली:
कान मागे पडलेले, पार आडवे.
वर आभाळाला जागाच नाही.

ती जिना उतरताना खोकली, दोनदा.
चाव्या करणाऱ्यानं कानस थांबवली.

मी पट्टी घेतली
आणि माप घेत बसलो.