आडवा छेद

एकतीस वर्षं मी वडोदरा महापालिकेत
जमिनीखालचं शहर काढलं.
रावपुऱ्याखालची बिडाची मुख्य वाहिनी,
दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर तिला फुटणारे दोन फाटे,
मांडवीपाशी कुणाच्याच फाइलीत नसलेलं
विटांचं एक गटार.
ट्रेसिंग पेपर, पॉइंट दोनचं पेन,
रेघ संपेपर्यंत पोटात धरलेला श्वास.

मग उजवा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला.
सूरसागरच्या माशांसाठी कणकेची गोळी वळावी
आणि टाकायचीच राहावी, तसा.
बँकेनं सही परत पाठवली.
कुमुद चहाचा कप अर्धाच भरायला लागली,
त्याबद्दल काही न बोलता.

आता पडद्यावर मीच आहे, आडवा कापलेला.
झोपेचं औषध देऊन काढलेला एमआरआय,
कारण जागेपणी मी हलतो.
डॉक्टर मौलिकभाई त्यावर आज सकाळचा सीटी ठेवतात,
आम्ही ट्रेसिंगवर ट्रेसिंग ठेवायचो तसाच,
कवटीच्या कडा जुळेपर्यंत सरकवत.
ही पुढची गाठ, ही मागची, म्हणाले,
मधली ही रेघ, पंचवीस मिलिमीटर.
सगळं हिच्यापासून मोजायचं.
मी म्हटलं, बेंचमार्क.
हो काका, बेंचमार्क.

रेघेच्या मध्यापासून बाजूला बारा, मागे तीन, खाली चार.
हा पुस्तकातला पत्ता.
माझा जरा वेगळा निघाला.
दोन गोल डाग दिसतात, नाव लाल, चित्रात काळे;
त्यांच्या पुढच्या कडेवरून रेघ बाहेर न्यायची,
तिथे तिरकं पडलेलं
चवळीच्या दाण्याएवढं काहीतरी.
एवढ्याशानं माझी सही खाल्ली.

सुईची वाट ठरवताना त्यांनी तीनदा कोन बदलला.
इथे शीर. इथे पाण्याची पोकळी.
मला राहवलं नाही.
साहेब, नकाशावर फार भरवसा ठेवू नका,
फतेपुऱ्यात पाइप कागदावर होता तिथून
दोन फूट सरकलेला निघाला,
आख्खी पोळ तीन दिवस टँकरवर.
ते म्हणाले, म्हणून तर तुम्हाला जागं ठेवणार.
छिद्र पाडलं की पाणी झिरपतं, हवा शिरते,
मेंदू मिलिमीटरभर खचतो.
सकाळचा नकाशा दुपारी जुना होतो.

डोक्याला चौकट, चार स्क्रू.
ड्रिलचा आवाज ओळखीचा,
फक्त या वेळी रस्ता मी होतो.
सुई अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं खाली,
फाल्गुनीबेननं स्पीकर मोठा केला.
काही नाही.
काही नाही.
मग एकदम दाट खरखर,
दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेला रेडिओ.
आवी गयुं, कुणीतरी हळूच म्हणालं.

आमचा जोडारी बाबूभाई
रात्री दोनला, रहदारी थांबली की,
लोखंडी सळई रस्त्याला टेकवायचा
आणि दुसऱ्या टोकाला कान लावून गळती ऐकायचा.
नकाशा माझा असायचा,
खड्डा त्याच्या कानावर पडायचा.
तेव्हा मला त्याचा राग यायचा.

करंट सोडला तशी जीभ जड झाली, गाल ओढला गेला.
शेजारच्या लाइनीत गेलं, मी म्हणालो, बोबडंच.
कमी केला. पुन्हा.
मग छातीवर पाटी धरली, हातात पेन दिलं.
काका, गोल गोल काढा, आतून बाहेर.

पहिले दोन वेढे गांडुळासारखे.
तिसरा बरा.
चौथ्याला हात हलायचं विसरला.
पाचवा किंचित चपटा आला,
ते डोळ्यांवर आलेल्या चौकटीच्या दांड्यामुळे असेल.

कागद काढून घ्यायला आले तेव्हा मी थांबा म्हटलं.
सवयीनं कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायला गेलो.
दांडी सरळ आली.
टोक कुठल्या बाजूला करायचं ते समजेना,
त्या खोलीत मला
उत्तर कुठे होती तेच माहीत नव्हतं.