तिसरा दाणा

पुनो वेळीप, वय एकाहत्तर,
मशीनखाली झोपण्याआधी चपला सरळ लावतो,
मग विचारतो, "बाय, आज म्हजें लोखण दिसता?"

दिसतं.
दोन्ही खुबे बदललेले. पडद्यावर दोन पांढरे गोळे
आणि त्यांच्यामध्ये काळोखाचा पट्टा,
नेमकं जिथे पाहायचंय तिथूनच गेलेला.
भोवती चुडताच्या हिरांसारख्या पांढऱ्या रेघा.

तीस वर्षं बार्जवर काढली त्यानं.
सावर्ड्याहून मुरगावला खनिज, झुआरीच्या पाण्यातून,
कानांत लाल धूळ.
"जल्मभर हांवें लोखण व्हेलें,
आतां लोखण म्हाका व्हरता."

बांबोळीच्या तळघरात एसी कुरकुरतो.
मी कच्ची मापं उघडते:
किरण जिथे जिथे धातूला अडले
तेवढी जागा खोडते,
अलीकडचं पलीकडचं पाहून मधलं भरते,
रफू करतात तसं.
वीण जुळते, धागा मात्र माझा असतो.

पट्टा विरतो. मूत्राशयाची कड उमटते
(अर्धा लिटर पाणी पिऊन
बाकावर तळमळत बसला होता, त्याचं चीज).
सेलेरिना म्हणते, "वा, साफ!"

साफ.
पण सोन्याचे दाणे दोनच.

तीन पेरले होते ग्रंथीत, तांदळाच्या कणीएवढे.
रोजचा नेम त्यांच्यावर.
"इतलें भांगर बायलेकूय घालूंक जालें ना,"
म्हणाला होता त्या दिवशी. हसलं नाही कोणीच.
खोडरबराला काय ठाऊक
कोणता धातू नको आणि कोणता हवा.

मी मळकी प्रतिमा परत आणते,
पट्ट्यासकट, हिरांसकट.
डोळे बारीक करते,
डाव्या खुब्यापासून मोजत येते,
उजेडाचा काटा एक घर खाली,
एक वर,
पुन्हा खाली

आहे.
काळ्यातलं किंचित कमी काळं,
आत्ता होता असं वाटावं इतकंच.

दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवते.
एकीवर कड, दुसरीवर दाणे.
कुठलीच एकटी खरी नाही.
"दोन मिलिमीटर डावीकडे, सेलेरिना."
टेबल सरकतं.

स्पीकरमधून त्याचा आवाज: "बाय, बेगीन कर गो,
म्हाका मुताक लागलां."
"हालू नका हां, पुनोबाब."
"हांव खंय हालतां?
लोखणाचो न्हय हांव?"