चार बोटं

स्टेशनचं नाव दोस्तिक.
म्हणजे मैत्री.
त्याआधी द्रुझबा होतं. तेव्हाही मैत्रीच.
भाषा बदलली तेव्हा पाटी रंगवली येरसाइनच्या बापानं;
जुन्या अक्षरांवर पांढऱ्याचे दोन हात दिले,
तरी भर उन्हात ती खालून वर येतात,
जरा तिरकं उभं राहून पाहिलं तर.

वारा इथे कुणाला विचारून येत नाही.
डोंगराच्या फटीतून घुसतो,
या देशाची वाळू त्या देशात नेतो
आणि संध्याकाळी परत आणून टाकतो,
जकात न भरता.

पूर्वेकडून गाडी येते. चोपन्न डबे.
आत काय आहे ते कागदावर असतं,
कागद गुलझिराच्या खिडकीत.
येरसाइन कागद वाचत नाही, चाकं वाचतो.
तिकडचे रूळ अरुंद, इकडचे रुंद.
फरक पंच्याऐंशी मिलिमीटर,
म्हणजे त्याची चार बोटं, अंगठा सोडून.

जॅक लागतात. डबा वर जातो.
अरुंद चाकं निमूट मागे सरकतात,
रुंद पुढून येतात,
आणि मधली काही मिनिटं
वीस-बावीस टन माल
कुणाच्याच देशात नसतो.
गुलझिरानं एकदा विचारलं होतं साहेबांना,
आत्ता पडला तर कुणाच्या खात्यात?
साहेब अजून कळवताहेत.

पलीकडून बाओलिन येतो. जानेवारीत आमचं ग्रीस गोठलं
तेव्हा स्वतःचा डबा उघडून दिला त्यानं.
ग्रीस देतो. नकाशा देत नाही.
नवीन जॅकचा नकाशा आतल्या खिशात,
जेवतानाही कोट काढत नाही.
उत्तरेकडून वेनियामिन येतो, तपासनीस.
तुमच्यावर विश्वास आहे म्हणतो,
म्हणता म्हणता मोजपट्टी काढतो.
तिघं एका टेबलावर लाघमन खातात.
बिल आलं की तिघांचेही हात
अगदी सावकाश खिशाकडे जातात.

त्या दिवशी टीव्हीवर परिषद होती.
मोठ्या देशांचे मोठे लोक, हातात हात, लांबच लांब साखळी.
त्यातल्या दोघांनी आपापल्या बर्फात
एकमेकांसमोर फौजा ठेवल्या होत्या, आणि इथे हसत होते;
तिसरा दोघांनाही तेल विकत होता;
चौथा मधे कोण उभं राहतंय ते पाहत होता.
निवेदिका म्हणाली, या मैत्रीला सीमा नाही.
कॅन्टीनमधले झाडून सगळे सीमेवरचेच.
कुणी हसलं नाही.
बाओलिननं फक्त वाडगा जवळ ओढला.

म्हातारे सांगतात, रूळ मुद्दाम रुंद टाकले होते,
कुणाची फौज थेट घरात शिरू नये म्हणून.
खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.
आता बोलणी चाललीत म्हणे:
सरळ अरुंद रूळच टाकायचे, पार समुद्रापर्यंत.
वेनियामिन म्हणतो, आम्ही होऊ देणार नाही.
बाओलिन म्हणतो, कशाला उगाच, चाकंच अशी येतील
जी आपली आपण पसरतील.
मग दोघांनी येरसाइनकडे पाहिलं,
जसं लग्नघरात
वाढप्याकडे पाहतात.

कुणाला स्वर्ग दोन बोटं उरतो.
याचं घर, याची चूल, पोरीची फी
या चार बोटांत उभी आहे.
मैत्री खरी झाली तर
हा उद्या कुठे जाणार?

रात्री गाडी गेल्यावर आयसुलू डबा घेऊन आली.
सकाळी घरी एक भाषा, शाळेत दुसरी,
शिकवणीला तिसरी, चौथी मोबाइलवर.
बापानं तिला दाखवलं, रुळाला हात लावून:
हे बघ, एवढंच. चार बोटं.
तिनं आपला हात शेजारी ठेवला,
मोजलं, पुन्हा मोजलं.
माझी तर सहा लागतात, म्हणाली,
आणि सहावं बोट
बापाच्या हातातलं घेतलं.